शिंप्याला शिंप्याचीच शिवी

शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'च्या चौथ्या अंकात पेट्रुकिओ एका शिंप्यावर असा काही घसरतो की मी तो उतारा आजही मोठ्याने वाचते. बायकोसाठी शिवून आणलेला झगा त्याला काहीही करून नापास करायचा असतो. बाही बघून विचारतो, ही काय तोफ आहे? केट चिडून म्हणते, तुम्हाला माझी बाहुली करायची आहे. तो साळसूदपणे म्हणतो, हो ना, या शिंप्याला तुझी बाहुलीच करायची आहे. शिंपी भाबडा. तो दुरुस्ती करतो, "बाईसाहेब तुमच्याबद्दल बोलताहेत, मालक." झालं! पेट्रुकिओ सुटतो : तू दोरा, तू अंगुस्तान, तू वार, पाऊण वार, अर्धा वार, पाव वार, तू नेल! तू पिसू, तू लीख, तू हिवाळ्यातला रातकिडा!

'नेल' म्हणजे त्या वेळचं कापड मोजायचं सगळ्यात लहान माप, वाराचा सोळावा भाग, सव्वादोन इंच. म्हणजे एका ओळीत तो माणूस वारावरून सव्वादोन इंचांवर येतो, पुढच्या ओळीत पिसवेएवढा होतो आणि लगेच लिखेएवढा. एवढ्यावर भागत नाही. पुढे चिंधी होतो, तुकडा होतो, शेवटी कटपीस होतो. वर धमकी अशी की तुझ्याच गजाने तुला असं मोजीन की जन्मभर बडबड करायची आठवण राहील. आईबाप नाही, जात नाही, कमरेखालचं काही नाही. सगळा मालमसाला शिंप्याच्याच दुकानातला.

आणि हे सगळं नाटक. ओरडून झाल्यावर पेट्रुकिओ मित्राच्या कानात हळूच सांगतो की शिंप्याचे पैसे द्यायची व्यवस्था कर. मित्र जाता जाता शिंप्याला म्हणतो, उद्या देतो तुझे पैसे, त्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस. हे नाटक वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'त्राटिका' म्हणून मराठीत आणलं. आपल्याकडे लक्षात राहिली ती बायको. माझ्या मते त्या प्रवेशाचा खरा मानकरी शिंपी आहे.

मला यात एवढा रस का, ते सांगते. मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. त्याआधी एम.ए. इंग्रजी केलं होतं, ज्याचा घरच्यांच्या मते काही उपयोग झाला नाही. शिवीगाळ हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ५०४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५२ आलं, पण फिर्यादीतलं वाक्य तेच : 'यातील आरोपी याने फिर्यादीस अश्लील शिवीगाळ, दमदाटी करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली.' बांधावरचं भांडण असो, पार्किंगचं असो, भावकीतलं असो, वाक्यात काना-मात्रेचा फरक नाही. जणू अख्खा जिल्हा एकच शिवी देतो.

एकदा एक आजी आल्या होत्या. जावेशी भांडण. "काय म्हणाली ती तुम्हाला, आजी?" विचारलं तर पदर तोंडाला लावून बसल्या. "त्ये कसं सांगायचं, बाई?" मला वाटलं काहीतरी भयंकर असणार. बऱ्याच वेळाने सांगितलं, ती म्हणाली, तुज्या चुलीत मांजर बाळंत झालंय. म्हणजे घरात चूल पेटत नाही, पोरं उपाशी, सून काही करत नाही, सगळं त्यात आलं. पोलिसांच्या कागदावर मात्र 'अश्लील शिवीगाळ'. अश्लील त्यात काय होतं? पण वर्षानुवर्षं चालत आलेला मसुदा आहे, तो एका मांजरासाठी कोण बदलणार.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी प्रहसनांकडे मी परत वळले ती यामुळेच. त्या लोकांनी शिव्या लिहून ठेवल्या, मसुदा नाही लिहिला.

बायकांच्या भांडणाचंच बघायचं तर 'गॅमर गर्टन्स नीडल'ला तोड नाही. हे नाटक केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात झालं आणि १५७५ मध्ये छापलं गेलं. लेखकाचं नाव नुसतं 'मिस्टर एस.'. कथानक सुईएवढंच. गॅमर गर्टन ही म्हातारी आपल्या गड्याची, हॉजची, विजार शिवत असते. मांजर दुधाकडे जाताना दिसतं, ती उठून त्याच्यामागे धावते आणि सुई हरवते. गावात त्या काळी सुई ही साधी चीज नव्हती, हॉजला तर ती फाटकी विजार घालून हिंडावं लागणार. अशा वेळी काडी लावणारा एक तरी माणूस लागतोच. तो म्हणजे डिकन. हा गॅमरला सांगतो, तुझी सुई डेम चॅटने उचलताना मी डोळ्यांनी पाहिलं. डेम चॅट गुत्ता चालवणारी शेजारीण. तिच्याकडे जाऊन सांगतो, गॅमर गावभर सांगत सुटलीय की तिचा पिवळ्या पायांचा तांबडा कोंबडा तू चोरलास.

दोघी समोरासमोर येतात. एक म्हणते, माझं मला परत दे. दुसरी म्हणते, तुझं मी काही घेतलेलं नाही. एकीच्या डोक्यात सुई, दुसरीच्या डोक्यात कोंबडा, आणि वस्तूचं नाव कोणीच घेत नाही! फिर्याद लिहून घेणाऱ्याने पहिला प्रश्न 'काय चोरीला गेलं?' असा विचारला असता तर नाटक तिथेच संपलं असतं. पण इथे कोणी विचारत नाही, आणि आवाज चढत जातो. गॅमर चार शब्द फेकते, दोन-दोन यमकात : घाणेरडी, खच्ची केलेलं घोडं, उकिरडा उपसणारी, संडास. चॅट चारच परत करते, तीही यमकात : खरूजवाली, टकली, सडकी, खादाड. मग हाणामारी. इंग्रजीत ते टाळ्या वाजवल्यासारखं वाजतं, दोन टाळ्या हिच्या, दोन तिच्या. आपल्या भाषेत नुसते अर्थ मांडले की त्यातली गंमत निम्मी होते, हे मान्य आहे.

एक खटकतंही. लिहिणारा पदवीधर, करणारी आणि बघणारी कॉलेजची पोरं, आणि हसायचं कोणाला तर अडाणी खेड्यातल्या म्हाताऱ्यांना. दोघींच्या भूमिका अर्थातच मुलग्यांनीच केल्या. पण ज्याने लिहिलं त्याने कधीतरी कुंपणापलीकडे उभं राहून असं भांडण नीट ऐकलेलं होतं, यात मला शंका नाही. सुई शेवटी सापडते ती हॉजच्याच विजारीत. डिकन त्याच्या ढुंगणावर चापट मारतो आणि हॉज किंचाळतो.

प्रेमाने दिलेल्या शिव्या हा वेगळाच प्रकार. टॉमस डेकरचं 'द शूमेकर्स हॉलिडे' हे नाटक फिलिप हेन्स्लो या नाट्यगृहवाल्याने जुलै १५९९ मध्ये तीन पौंडांना विकत घेतलं. त्याच्या हिशेबाच्या वहीत तशी नोंद आहे. १६०० च्या नववर्षाच्या रात्री ते राणी एलिझाबेथसमोर झालं. नायक सायमन आयर, लंडनचा चांभार, जो पुढे शहराचा लॉर्ड मेयर होतो. या नावाचा मेयर १४४५ मध्ये खरोखर होऊन गेला. नाटकातला आयर पहाटे उठून घरातल्या मोलकरणींना हाका मारतो : खारवलेल्या मांसाच्या बायांनो, सुटलेल्या पोटाच्या भवान्यांनो, बाहेर या, गटार झाडा, शेजाऱ्यांच्या नाकाला वास जातोय! बायकोला म्हणतो, इझलिंग्टनच्या दूधखिरी, अळ्या पडलेल्या पुडिंगा, जाळावर भाजलेल्या मांसा! इझलिंग्टन तेव्हा लंडनबाहेरचं खेडं, दूधदुभत्यासाठी प्रसिद्ध. लंडनकर तिथे साय खायला जायचे. म्हणजे राणीसमोर लंडनचा चांभार आपल्या बायकोला स्वयंपाकघरातले पदार्थ फेकून मारतोय आणि बायको पुढच्या प्रवेशात पुन्हा त्याच्याच बाजूला उभी.

दुसऱ्या एका प्रवेशात आयरचा स्वभाव कळतो. बायकोच्या बोलण्याने कारागीर रुसलेत, काम सोडून निघालेत. आयर त्यांच्यादेखत बायकोला झापतो आणि थाटात फर्मावतो, बोअर्स हेड गुत्त्यातून माझ्या पोरांसाठी डझनभर बियर आणा! मग पोऱ्याच्या कानात : दोनपेक्षा जास्त भरल्या तर पैसे तो गुत्तेवालाच देईल. बियरचं असं, तर शिव्यांचंही तसंच असणार. आवाज डझनाचा, माल दोनाचा.

शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात डॉल टेअरशीट ही गुत्त्यातली बाई एकाच प्रवेशात दोन्ही टोकं दाखवते. पिस्टल नावाच्या फुशारक्या मारणाऱ्याला ती पाकीटमार, घाणेरडा, बाटलीतल्या बियरचा भडवा असं काय काय म्हणते, तोंडात सुरी खुपसायची भाषा करते. तो गेल्यावर म्हाताऱ्या, जाड्या फॉलस्टाफच्या मांडीवर बसून म्हणते, "रांडेच्या, बार्थोलोम्यूच्या जत्रेतल्या गुटगुटीत डुकरा, दिवसा मारामाऱ्या आणि रात्री धंदे कधी सोडणार तू? त्या जुन्या देहाला देवाघरी जाण्याजोगं ठिगळ कधी लावणार?" तो म्हणतो, अगं अशी कवटीसारखी बोलू नकोस, मला माझा शेवट आठवून देऊ नकोस. ज्यांच्या घरी मालवणी बोलतात त्यांना इथे तळटीप लागणार नाही. 'मेल्या' आणि 'रांडेच्या' कोणत्या सुरात आले की जेवायला बस असा अर्थ होतो, हे तिकडच्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं.

बार्थोलोम्यूची जत्रा म्हणजे लंडनच्या स्मिथफील्डमध्ये दर ऑगस्टमध्ये भरणारी. तिथलं भाजलेलं डुक्कर प्रसिद्ध होतं. बेन जॉन्सनने तिच्यावर अख्खं नाटक लिहिलं, 'बार्थोलोम्यू फेअर', पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १६१४, होप नाट्यगृहात. याच होपमध्ये इतर दिवशी अस्वलांवर कुत्री सोडायचे खेळ चालत, आणि जॉन्सन प्रास्ताविकातच म्हणतो की ही जागा स्मिथफील्डइतकीच घाण आहे, वासही तितकाच. डुक्कर भाजणारी अर्सुला त्यात आहे. स्वतःच्याच भट्टीपुढे वितळणारी ती बाई म्हणते, मी चालते तिथे झारीने शिंपल्यासारखी जमीन भिजते. तिला लठ्ठपणावरून चिडवायला आलेल्या दोन सभ्य गृहस्थांना ती पुरून उरते. एवढं असूनही मला त्या नाटकातला सगळ्यात खरा वाटतो तो 'व्हेपर्स'चा खेळ. प्यायलेली माणसं बसतात आणि आधीचा जे बोलला त्याच्या उलट बोलायचं, एवढाच नियम. बरोबर का चूक याला महत्त्व नाही. तू म्हणालास ना, मग ते खोटं. रात्री साडेदहानंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच असतं.

भांडण शिकवायच्या शिकवण्याही निघाल्या होत्या, निदान रंगभूमीवर तरी. जॉन्सनच्याच 'द अल्केमिस्ट'मध्ये (१६१०) कॅस्ट्रिल नावाचा खेड्यातला श्रीमंत पोरगा लंडनला येतो तो भांडायला शिकायला. शहरातली टगी पोरं म्हणजे 'रोअरिंग बॉइज', त्यांच्यात बसायचंय त्याला. भोंदू गुरू त्याला आधी म्हणतो, चल, सुरू कर, माझ्याशी भांडण काढ. तो म्हणतो, तुम्ही खोटं बोलता. गुरू नापसंतीने मान हलवतो, हे व्याकरण चुकलं, तर्कशास्त्र तर त्याहून वाईट, कारणं दे, प्रकार सांग, पोटप्रकार सांग! मिडलटन आणि रोली यांच्या 'अ फेअर क्वारल'मध्ये तर गुरगुरण्याची शाळाच आहे, आणि १६१७ च्या छापील प्रतीत गुरगुरण्याचे आणखी प्रसंग मागाहून जोडलेले आहेत. लोकांना भारी आवडले असणार.

चोरांच्या सांकेतिक बोलीचं मात्र मला तेवढं कौतुक नाही. 'द रोअरिंग गर्ल' (१६११) मध्ये मॉल कटपर्स ही पुरुषी वेशातली बाई शेवटच्या अंकात ती बोली उलगडून सांगते. मॉल खऱ्या मेरी फ्रिथवरून घेतलेली. अभ्यासकांना तो प्रवेश फार प्रिय. पण तो शब्दकोश वाचल्यासारखा वाटतो, आणि त्याला कारण आहे. ते शब्द टॉमस हार्मनने १५६० च्या दशकात पुस्तिकेत छापले होते, डेकरने १६०८ मध्ये ते आपल्या पुस्तिकेत उचलले आणि तोच डेकर या नाटकाचा सहलेखक. शिंप्याच्या दुकानातली शिवी दुकानात जाऊन आणलेली वाटते, ही पुस्तकातून आणलेली वाटते.

आता कायद्याकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलेला.

एवढ्या शिव्या रंगभूमीवर चालायच्या तर सरकार काय करत होतं? सरकारने १६०६ मध्ये नटांना लगाम घालणारा कायदा केला. रंगमंचावर थट्टेने किंवा निंदेने देवाचं, ख्रिस्ताचं, पवित्र आत्म्याचं किंवा त्रयीचं नाव घेतलं तर दर गुन्ह्याला दहा पौंड दंड. अर्धा राजाला, अर्धा खटला भरणाऱ्याला. म्हणजे प्रेक्षकांत बसलेल्या कोणालाही कान टवकारून पाच पौंड कमावण्याची सोय. तीन पौंडांत अख्खं 'शूमेकर्स हॉलिडे' मिळत होतं, हे लक्षात घ्या. एका 'देवाशपथ'ची किंमत तीन नाटकांएवढी! परिणाम छापील पुस्तकांत दिसतो. 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागाच्या १५९८ च्या प्रतीत फॉलस्टाफ देवाच्या जखमांची आणि रक्ताची शपथ घेत असतो. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात त्या शपथा गेल्या.

शिव्या मात्र जागच्या जागी! त्याच पहिल्या भागातल्या गुत्त्याच्या प्रवेशात राजपुत्र हॉल फॉलस्टाफला पलंग चेपणारा, घोड्याची पाठ मोडणारा, मांसाचा डोंगर म्हणतो. फॉलस्टाफ किडकिडीत राजपुत्राला वाळलेली बैलाची जीभ, सुकवलेला मासा, शिंप्याचा गज, रिकामी म्यान म्हणतो आणि मध्येच त्याचा श्वास संपतो. "अरे, तू आणखी कशाकशासारखा आहेस ते सांगायला मला दम हवा होता!" राजपुत्र म्हणतो, घे दम, मग पुन्हा सुरू कर. यातल्या एकाही शब्दाला एक पेनी दंड नाही. भावी राजाला बैलाचं इंद्रिय म्हटलेलं चालतं (तेही त्याच यादीत आहे), देवाचं नाव चालत नाही.

खरा तुरुंग भलत्याच गोष्टीने घडला. १६०५ मध्ये 'ईस्टवर्ड हो' नाटकात स्कॉटिश लोकांची टिंगल झाली. राजा जेम्स स्वतः स्कॉटलंडहून आलेला, आणि त्याने सरदारक्या खिरापतीसारख्या वाटलेल्या. नाटकात एकजण स्कॉटिश हेल काढून म्हणतो, हा आमचा तीस पौंडवाला सरदार. नाटकाच्या लेखकांपैकी जॉन्सन आणि चॅपमन आत गेले. नाक-कान कापणार अशी आवई उठली. सुटल्यावर जॉन्सनने मित्रांना जेवण दिलं, तिथे त्याच्या म्हाताऱ्या आईने विषाची पुडी काढून दाखवली. शिक्षा झाली असती तर ती त्याच्या पेयात घालणार होती, आणि मी काही कद्रू नाही, आधी मीच प्यायले असते, असं म्हणाली. ही गोष्ट जॉन्सननेच पुढे एका मित्राला सांगितली, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला.

शिवी देऊनही कायद्याच्या कचाट्यात कसं सापडायचं नाही, याचा उत्तम धडा शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये आहे, आणि तो मी आमच्या बार रूममध्ये वाचून दाखवलेला आहे. सर अँड्र्यू या भित्र्या माणसाला द्वंद्वाचं आव्हान लिहायचं आहे. सर टोबी त्याला सल्ला देतो, चांगला तिखट लिही, दोन-तीनदा त्याला अरे-तुरे कर. इंग्रजीत तेव्हा 'दाउ' आणि 'यू' असा तू-तुम्हीचा भेद होता, आणि नको तिथे 'तू' म्हणणं ही स्वतंत्र शिवी होती. नोव्हेंबर १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात रॅलेला म्हणाला, मी तुला 'तू' म्हणतो, राजद्रोह्या! सरकारी वकिलाची ही तऱ्हा. आमच्याकडे निदान 'माझे विद्वान मित्र' म्हणून मग सुरी काढतात.

तर अँड्र्यूचं पत्र. "पोरा, तू कोणी का असेनास, तू एक भिकारडा माणूस आहेस." पुढे : "मी तुला असं का म्हणतो याचं नवल करू नकोस, कारण मी काहीही कारण देणार नाही." ऐकणारा फेबियन मान डोलावतो, वा, हे छान, याने कायद्याचा फटका चुकेल. पुढे अँड्र्यू लिहितो की तू शुद्ध खोटारडा आहेस, पण मी आव्हान देतोय ते त्यासाठी नाही. आणखी पुढे, तू मला मारलंस तर बदमाशासारखं मारशील. फेबियन पुन्हा खूश, अजूनही कायद्याच्या वाऱ्यापासून दूर आहात. एकेका वाक्यानंतर कायदेशीर मत देणारा हा फेबियन मला आमच्यातलाच वाटतो. या नाटकाची आपल्याला माहीत असलेली सगळ्यात जुनी नोंद २ फेब्रुवारी १६०२ च्या प्रयोगाची आहे, जॉन मॅनिंगहॅम या विद्यार्थ्याच्या डायरीत. प्रयोग कुठे झाला? मिडल टेंपलच्या सभागृहात. म्हणजे समोर बसलेले सगळे वकील आणि वकिलीची पोरं. 'कॉमेडी ऑफ एरर्स'चंही तसंच, २८ डिसेंबर १५९४, ग्रेज इन, पुन्हा वकिलांचा अड्डा. त्यात दाराबाहेरचा नोकर सहा मोलकरणींची नावं घेऊन हाका मारतो आणि आतला नोकर त्याला मोजून सहा शिव्या परत करतो : मठ्ठ, दारूच्या भट्टीचं घोडं, खच्ची कोंबडा, विदूषक, येडा, खुळा. सहाला सहा. नोटीस आणि तिला परिच्छेदनिहाय उत्तर.

त्या पोरांना हसू का आलं असेल ते कळायला त्या काळची कोर्टं बघावी लागतात. शेजारणीने भररस्त्यात 'रांड' म्हटलं तर बाई चर्चच्या कोर्टात जायची. लंडनच्या त्या कोर्टात अशा दाव्यांचा ढीग असे, बहुतेक बायकांनी बायकांवर घातलेले, आणि हरणारीला जाहीर माफी मागावी लागे. कोणी चोर किंवा खुनी म्हटलं तर मात्र राजाचं कोर्ट. तिथेही एवढी गर्दी झाली की न्यायाधीश वैतागले. त्यांनी नियम काढला की शब्दांचा जेवढा सौम्य अर्थ निघू शकेल तेवढाच धरायचा. मग वकिलांचं काम काय, तर भयंकर शिवीतून निरुपद्रवी अर्थ काढून दाखवणं.

त्यातला १६०७ च्या सुमाराचा खटला माझा सगळ्यात आवडता. सर थॉमस होल्ट, बर्मिंगहॅमजवळच्या ॲस्टनचे मोठे जमीनदार. त्यांच्याबद्दल एका गृहस्थाने चारचौघांत म्हटलं, "सर थॉमस होल्टने सुरा घेतला, आपल्या स्वयंपाक्याच्या डोक्यात घातला, डोक्याची दोन शकलं झाली, एक या खांद्यावर पडलं, एक त्या खांद्यावर." होल्टनी बदनामीचा दावा लावला. प्रतिवादीच्या वकिलाने मुद्दा काढला, माझ्या अशिलाने स्वयंपाकी मेला असं कुठे म्हटलंय? आरोप खुनाचा नाहीच!

कोर्टाने मान्य केलं. एवढा घाव बसूनही माणूस जिवंत असू शकतो, आणि जिवंत असेल तर ही फार तर मारहाण, खुनाचा आरोप नव्हे. होल्ट हरले.

हा निकाल मी आमच्या कारकुनाला सांगितला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मॅडम, मग हाताबुक्क्यांनी लावायचं का?"